सावळीराम मिस्त्रीची खंडेनवमी

१४ ऑक्टोबर २००२, सोमवार. खंडेनवमी. सकाळी ढगाळ, नंतर लख्ख ऊन. घटावर माळ चढवली. कामवाली चिमणाबाई सणाची सुट्टी घेऊन गावी गेली, म्हणून ओटा मीच आवरला. माझी जुनी हेराल्ड गाडी धुतली, बॉनेटला झेंडूचा हार घातला आणि चिमाजी मिस्त्रींच्या शेडमध्ये हत्यारांच्या पूजेला गेले. तिथे रंगनाथने सगळ्यांसमोर पाटावरचा पाना उचलला. सावळीराम रिकाम्या हाताने आला होता. मनोजची गाडी तिथेच उभी राहिली. आज फार दिवसांनी मनाला बरं वाटतं आहे.

डायरीत एवढंच मावलं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगत, रोज लिहा, थोडं लिहा आणि घडलं तेवढंच लिहा. ती सवय मला जन्मभर पुरली. पण काही माणसं चार ओळींत बसत नाहीत, आणि सावळीराम त्यांतला आहे. म्हणून वेगळा कागद घेतला.

सावळीराम मूळचा मनमाडचा. वडील रेल्वेत होते, हाही रेल्वेतच चिकटणार असं घरात सगळे धरून चालले होते. याला रुळावरच्या गाडीचं कौतुक नव्हतं. तिला वळायचंच नसतं, तिच्यात काय बघायचं, असं तो अजूनही म्हणतो. थोरल्या बहिणीचं, अक्काबाईचं, नाशिकच्या रंगनाथ मिस्त्रीशी लग्न झालं तसा हा तिच्यामागोमाग आला आणि दाजींच्या गॅरेजमध्ये कामाला लागला. हे एक्क्याण्णव सालचं.

रंगनाथचं गॅरेज मुंबई नाक्याकडच्या एका गल्लीत होतं. त्या गल्लीत सगळे मिस्त्रीच. रंगनाथचा मान मोठा, कारण जुन्या छोट्या गाड्या त्याच्याकडे येत. फियाट, मॉरिस, हेराल्ड. या गाड्यांचे मालक हौशी असतात, त्यांना बोलणारा मिस्त्री लागतो. रंगनाथ छान बोलायचा आणि त्याचा शर्ट कायम पांढरा असायचा. काळे हात सावळीरामचे.

माझीही हेराल्ड तेव्हा तिथेच जायची. आमच्याकडे गाडी मी चालवत असे. ह्यांची नजर अधू होती, आणि शेजारी बसून बाहेरचं बघत जायला त्यांना आवडायचं. एकदा क्लचची प्लेट लवकर झिजली, तेव्हा रंगनाथ माझ्याशी न बोलता ह्यांना म्हणाला, "साहेब, बाईमाणसाचा पाय क्लचवरून उठतच नाही. प्लेट तरी काय करेल?" गल्लीतले दोघेतिघे हसले. हेही सौजन्य म्हणून हसले. ते वाक्य मी त्याच दिवशी जसंच्या तसं उतरवून ठेवलं. पुढे हे गेले, त्यांचं हसू मी त्यांना कधीच माफ केलं. रंगनाथला केलं नाही.

सावळीराम बुटका, रुंद, आणि गाडीखाली निजून निजून मान एका बाजूला कललेली. बिचारा म्हणावा असा तो कधीच नव्हता. आपल्या तोडीचा कारागीर नाशकात दुसरा नाही हे तो न विचारता सांगतो. कुणी नुसतं "सावळ्या" म्हटलं तर दिवसभर बोलत नाही. चहा दिला तर आधी कप बघतो, कपाचा कान तुटलेला असला तर चहा तसाच ठेवून उठतो. अशा माणसाचं नाव घालवणं म्हणजे सापाला डिवचून त्याच्याच शेजारी अंथरूण घालण्यासारखं आहे. रंगनाथने तेच केलं.

पुढचं कळायचं तर क्लचबद्दल थोडं सांगायला हवं. मला ते सावळीरामनेच शिकवलं, माझ्या गाडीचं इंजिन बांधताना. इंजिनच्या मागे एक जड चाक फिरतं, ते फ्लायव्हील. त्यावर क्लचची प्लेट, आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पायाने पेडल दाबलं की आत एक बेअरिंग पुढे सरकतं, प्रेशर प्लेटच्या बोटांना रेटतं आणि पकड सुटते. जुन्या प्रकारात ही बोटं तीन असतात, चांगली जाडजूड, आणि त्यांच्याभोवती छोट्या छोट्या स्प्रिंगा गोल मांडलेल्या. तिन्ही बोटांच्या टोकांवर एक कडं असतं, त्या कड्यावर सपाट तोंडाचं बेअरिंग टेकतं. नंतरच्या प्रकारात स्प्रिंगाही नाहीत आणि कडंही नाही. बशीसारखी एकच पसरट स्प्रिंग, आणि तिची पातळ बोटं सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखी चहूकडून मध्याकडे आलेली. त्याला डायफ्रॅम म्हणतात, आणि त्याला गोलसर तोंडाचं बेअरिंग लागतं.

घोटाळा असा की थोडी खटपट केली तर दोन्ही एकाच फ्लायव्हीलवर चढवता येतात. बोल्ट बसले म्हणजे क्लच बसला असं वाटतं. डायफ्रॅमपुढे जुनं सपाट बेअरिंग तसंच ठेवलं तरी गाडी चालू होते, मालक पेढे वाटतो. आत मात्र बेअरिंगची कड त्या पातळ बोटांना रोज थोडी थोडी तासत राहते.

शहाण्णव साली किशोर अहिरराव नावाच्या पिंपळगावच्या द्राक्षबागायतदाराची हेराल्ड रंगनाथकडे इंजिन बांधायला आली. तिची जुनी प्रेशर प्लेट कामातून गेली होती. रंगनाथने मुंबईहून दुसरी मागवली ती डायफ्रॅमची निघाली. सावळीराम म्हणाला, मग बेअरिंगही त्याचंच मागवा. पण रंगनाथने गाडी द्यायचा शब्द देऊन ठेवला होता. बोल्ट बसतायत ना, मग लाव, असं तो म्हणाला. सावळीरामने लावलं नाही. त्या रात्री जेवताना दोघांची पुन्हा त्यावरून जुंपली. अक्काबाई वाढत होती, तिने शब्द न् शब्द ऐकला. दुसऱ्या दिवशी रंगनाथने पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडून ते स्वतः जोडलं.

गाडी काही महिने चालली. मग कसारा घाट चढताना एका थांबलेल्या ट्रकच्या मागे किशोररावांनी क्लच दाबला आणि पेडल जे फळीला टेकलं ते वर आलंच नाही. बोटं तुटली होती. गाडी गिअरमध्येच राहिली, ते गोंधळले, आणि ब्रेक लागेलागेतो ती ट्रकवर जाऊन आदळली. त्यांचा मनगटाजवळ हात मोडला.

रंगनाथ सावळीरामला घेऊन पिंपळगावला गेला. सावळीरामला वाटलं गाडी बघायला जातोय. अंगणात किशोरराव हात गळ्यात बांधून बसले होते, नातेवाईक, मजूर, गल्लीतले दोन मिस्त्री असे सगळे होते. रंगनाथने तिथे सावळीरामच्या थोबाडीत मारली आणि म्हणाला, "याला तीन बोटं न् पंधरा बोटं यातला फरक कळत नाही. मी नव्हतो तेव्हा यानं बसवलं." सावळीराम घरी आला आणि अक्काबाईला म्हणाला, तू ऐकलं होतंस, सांग. अक्काबाईने खाली बघितलं. नवऱ्याचं गॅरेज होतं, पोरं लहान होती. ती आत निघून गेली.

मिस्त्रींच्या त्या गल्लीत एक रीत आहे. खंडेनवमीला प्रत्येकाने आपला एक पाना आणून सगळ्यांत जुने मिस्त्री, चिमाजी, यांच्या शेडमधल्या पाटावर ठेवायचा. सगळ्या हत्यारांची एकत्र पूजा होते आणि त्या दिवशी गल्लीत कुणीही हत्याराला हात लावत नाही. ज्याचा पाना पाटावर तो मिस्त्री. ज्याचा नाही तो नुसता कामगार. त्या वर्षी सावळीरामने पाना ठेवला आणि रंगनाथने तो दोन बोटांनी उचलून बाजूला जमिनीवर ठेवला. चिमाजींनी मान दुसरीकडे वळवली. तेव्हापासून सावळीराम गल्लीतून गेला की कुणी ना कुणी तीन बोटं वर करायचं. पोरंसुद्धा करायची, का ते माहीत नसताना.

दुसरा कुणी असता तर गाव सोडून गेला असता. सावळीराम काही दिवस हरसूलच्या बाजाराला जीपगाड्या दुरुस्त करत होता, मग त्याने पेठ नाक्याला स्वतःची शेड टाकली. आणि कामावर जाता-येता मुद्दाम वाकडी वाट करून तो त्याच गल्लीतून जायचा. मी एकदा विचारलं, कशाला स्वतःला छळून घेतोस? तो म्हणाला, "मी तोंडं बघत जातो बाई. कुणाची बोटं वर झाली ते ध्यानात राहावं म्हणून."

नव्व्याण्णव साली माझी हेराल्ड मी त्याच्याकडे नेली. खरं सांगायचं तर चांगला मिस्त्री हवा होता हे कारण दुसरं. पहिलं कारण, ती रंगनाथच्या दारावरून न्यावी लागायची. इंजिन महिनाभर उघडं पडलेलं होतं आणि मी रोज स्टुलावर बसून बघायची. तेव्हा त्याने मला क्लच न उघडता ओळखायला शिकवला. जुना स्प्रिंगवाला पेडलला जड लागतो, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच जड, पाट्यावर वरवंटा ढकलावा तसा. डायफ्रॅम सुरुवातीला तटतो आणि अर्ध्यातून पुढे एकदम मऊ पडतो. माझी गाडी जुन्या प्रकारची, त्यामुळे एकाची सवय माझ्या पायाला होतीच. दुसरा कळावा म्हणून त्याने एका गिऱ्हाइकाच्या गाडीत मला बसवून पेडल दाबायला लावलं. नंतर म्हणाला, बाई, तुमचा पाय आता बोलका झाला.

कधीतरी चहावर रंगनाथचा विषय निघायचाच. मी म्हणायची, एकदा चारचौघांत कॉलर धर की. तो मान हलवायचा. "मार माणूस विसरतो. मलाच आता कुठल्या गालावर बसली ते आठवावं लागतं. स्वतःच्या तोंडानं म्हटलेलं मात्र कुणी विसरत नाय. त्यानं म्हणायला पाहिजे. गल्लीपुढं, पाटापुढं." त्याला एवढंच हवं होतं, आणि ते कधी मिळेल असं मला वाटत नव्हतं.

यंदा गणपतीनंतर आमच्या कॉलनीतला मनोज घरी आला. बांधकामाच्या धंद्यात हल्ली त्याचं बरं चाललं आहे. त्याने एक हेराल्ड घेतली होती, रंगनाथकडून इंजिन नवं बांधून घेतलं होतं, आणि दसऱ्याला गोल्फ क्लब मैदानावरून निघणाऱ्या जुन्या गाड्यांच्या फेरीत ती पुढे ठेवायची होती. काकू, तुम्ही एवढी वर्षं हेराल्ड चालवता, एक चक्कर मारून सांगा कशी झालीय, म्हणाला. मी बसले, इंजिन चालू केलं आणि क्लच दाबला.

पेडल आधी तटलं, मग मऊ पडलं. आणि दाबताना खालून एक बारीक आवाज आला, पाटीवर खडू उभा ओढावा तसा. मी पुन्हा दाबला. पुन्हा तोच.

मी मनोजला सांगितलं, गाडी छान दिसते, पण आता बाहेर काढू नकोस, दसऱ्याच्या मुहूर्तालाच काढ. त्याला ते फार पटलं. गाडी झाकून ठेवली. तिथून मी सरळ पेठ नाक्याला गेले.

सावळीराम एका जीपच्या खाली होता. मी पेडलचं सांगितलं, आवाजाचं सांगितलं. तो सरपटत बाहेर आला आणि बराच वेळ हात पुसत बसला. मग हसला. त्याला हसताना मी फार क्वचित पाहिलं आहे. सहा वर्षं रंगनाथ सगळ्यांना सांगत आला होता की जोडणी बरोबर होती, जोडणारा हात चुकला. सांगता सांगता त्याला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं. म्हणून त्याने पुन्हा तसंच जोडलं, निर्धास्तपणे. "खोटं बोलला नसता तर शिकला असता," सावळीराम म्हणाला. मग त्याने मला खंडेनवमीपर्यंत गप्प राहायला सांगितलं. आधी कळलं तर रंगनाथ गुपचूप बेअरिंग बदलेल. खंडेनवमीला त्याला पान्याला हात लावता येणार नाही. मी गप्प राहिले. मला ते जड गेलं नाही.

आज शेडमध्ये आरती झाली. पाटावर पाने ओळीने मांडलेले, हळदकुंकू वाहिलेले. दारात मनोजची हेराल्ड सगळ्यांत पुढे, रंगनाथने पूजेसाठी आणवलेली, हारांनी मढलेली, आणि तिच्याशेजारी रंगनाथ पांढऱ्या शर्टात. माझी गाडी मागे. मिस्त्री प्रसाद खात होते तेवढ्यात सावळीराम आत आला. मागून कुणीतरी सवयीने तीन बोटं वर केली. त्याने तिकडे बघितलं आणि सरळ चिमाजींपुढे जाऊन उभा राहिला.

"बाबा, मी आज हत्यार आणलं नाय न् कुणाच्या हत्याराला हात लावणार नाय. आरसा न् बॅटरी हत्यारात येती का?"

चिमाजी म्हणाले, "आरसा व्हय? बायकांचं हत्यार असंल, मिस्त्र्याचं नाय."

सगळे हसले. मी पर्समधून आरसा आणि छोटी बॅटरी काढून दिली. सावळीरामने मनोजला नीट विचारलं, बाईंना तुमच्या गाडीत बसू देता का. मनोजला हा काहीतरी खेळ वाटला, तो हो म्हणाला. रंगनाथ म्हणाला, याचं काय ऐकता, हा तो कसाऱ्याचा. पण मी तोवर बसले होते. इंजिन चालू केलं आणि क्लच दाबला. इंजिनच्या घरघरीतूनही तो खडूचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. सावळीरामने बोट वर केलं आणि मी पुन्हा दाबला. मग इंजिन बंद केलं.

क्लचच्या घंटेसारख्या डब्याला खाली एक छोटी खिडकी असते. तिचं पत्र्याचं झाकण रंगनाथच्या माणसांनी लावलंच नव्हतं. सावळीरामने गाडीखाली पोतं अंथरलं, पण स्वतः खाली गेला नाही. त्याने आरसा आणि बॅटरी चिमाजींच्या हातात दिली. म्हातारे खाली गेले, बराच वेळ आत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या बोटांच्या टोकांना चुरा लागला होता, चांदीच्या वर्खासारखा चमकणारा. त्यांनी तो अंगठ्याने चोळून बघितला.

"डायफ्रॅम हाय," ते म्हणाले. "बेअरिंग सपाट. बोटं तासून निम्मी झालीत."

रंगनाथ म्हणाला, "जुनंच आहे, स्प्रिंगवालं. बाबांना आता दिसतं कुठे."

हे म्हणायला नको होतं. त्यानंतर गल्लीतले मिस्त्री एकेक करून पोत्यावर निजले आणि एकेक करून उठले. बोटं पुसत बाजूला झाले. मनोजचा चेहरा उतरला. त्याने सावळीरामला विचारलं, उद्या फेरीत जाईल ना?

"जाईल की. कुठं थांबंल ते तेवढं सांगता येत नाय."

मनोज रंगनाथवर उखडला. उद्या पाहुणे येणार, फोटोवाले येणार, आत्ताच्या आत्ता उघडून नीट करा. रंगनाथने पाटाकडे हात केला, आज हत्यार चालत नाही. मनोज म्हणाला, दोन नट फिरवायला काय मुहूर्त बघता? रंगनाथने आजूबाजूला पाहिलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. उघडलं की आपलं जुनं खोटं उघडं पडेल हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं, पण त्याला ते सुचलं नाही. आत्ता उघडून दाखवतो, असं काहीतरी पुटपुटत तो पुढे झाला आणि त्याने पाटावरचा आपला पाना उचलला. कुंकू त्याच्या तळहाताला लागलं आणि शर्टाच्या बाहीलाही.

हेराल्डचा गिअरबॉक्स गाडीच्या आतून निघतो. पुढच्या दोन सीटांच्या मधलं आवरण सोडवायचं, मग गिअरबॉक्स मागे ओढून घ्यायचा. आवरण त्याने एकट्याने सोडवलं. आत वाकून बसलेला, बाहेर फक्त पाठ दिसत होती. बोल्टही सुटले. पुढे मात्र गिअरबॉक्सचं वजन पेलायला दुसरा माणूस लागतो. त्याने आपल्या कारागिरांना हाक मारली. त्यांनी पाटाकडे बघितलं आणि जागचे हलले नाहीत. कुणीतरी हात द्या, असं तो दोनदा म्हणाला.

सावळीराम खिडकीशी जाऊन वाकला.

"शहाण्णवला कुणी बसवला होता, दाजी?"

"मला हात दे आधी."

"तुम्ही आधी सांगा."

मग रंगनाथ म्हणाला, "मी बसवला होता. तू नको म्हणत होतास."

"बाहेर येऊन सांगा. आत बसून बोललात ते मलाच ऐकू आलं. मला ते आधीच माहीत हाय."

रंगनाथ बाहेर आला. गुडघ्याला गालिच्याची धूळ, हाताला कुंकू. त्याने कुणाकडे न बघता ते सांगितलं. कसाऱ्याच्या गाडीचा क्लच मी जोडला होता, सावळीरामचा त्यात हात नव्हता, त्याने मला अडवलं होतं. आवाज बारीक होता, पण शेडमध्ये तेवढाच आवाज होता. सावळीराम ऐकताना एकदाही हलला नाही. संपल्यावर म्हणाला, "हात देतो म्हणालो असतो, पण आज खंडेनवमी हाय. उद्या बघू." आणि निघून गेला.

रंगनाथ पाना पुन्हा पाटावर ठेवायला गेला. चिमाजींनी हात आडवा धरला. "वापरला ना आता. राहू दे." ओळीत एक फट तशीच राहिली. तो माझ्यासमोरून बाहेर पडला तेव्हा मी म्हटलं, "रंगनाथराव, प्लेट तरी काय करेल?" त्याला कळलं की नाही माहीत नाही. मला म्हणायचं होतं ते म्हणून झालं.

संध्याकाळी सावळीराम माझ्या व्हरांड्यात येऊन बसला. मला वाटलं, आता हा बढाया मारेल. त्याने फक्त मला सांगायला लावलं. रंगनाथ नेमकं काय म्हणाला, आधी काय आणि मग काय, त्याचे हात कुठे होते. मी सांगितलं. त्याने पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. कप धड होता, त्याने चहा घेतला.

तेवढ्यात फाटकाशी अक्काबाई आली. पायऱ्या चढली नाही, झेंडूच्या कुंड्यांपाशीच उभी राहिली. घरात रंगनाथ पांघरूण घेऊन पडलाय, जेवला नाही, पोरं घाबरलीत, असं ती सांगत होती. मनोजने गाडी दुसरीकडे न्यायची ठरवलीय. मग ती भावाला म्हणाली, "तू चिमाजीबाबाला सांग. पुढच्या वर्षी ह्यांचा पाना ठेवू दे. तुझं ते ऐकतील आता."

सावळीराम तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, बहीण आहे, पाघळेल.

"माझा सहा वरसं नव्हता, अक्का. त्यांचाही सहा वरसं राहू दे. मग ये, मी स्वतः जाऊन सांगंन."

"आणि माझं काय रे चुकलं?"

"तू ऐकलं होतंस."

अक्काबाईने पदर खांद्यावर घेतला. मी तिला आत बोलावलं, चहा टाकला होताच. तिने कप हातात घेतला, तोंडाला लावला नाही, आणि कुंडीच्या कठड्यावर ठेवून गेली. सावळीरामने तिला फाटकापर्यंत जाताना बघितलं. उठला नाही. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला क्षमेचे धडे होते, ते मला आजही पाठ आहेत. मी त्यातलं एकही वाक्य त्याला ऐकवलं नाही. मला त्याच्या जागी तेवढीही वर्षं पुरली नसती.

तो गेल्यावर मी डायरी पुन्हा उघडली आणि दिवसाच्या नोंदीखाली लिहिलं: तूप संपलं. साय पुरेशी साठली आहे, उद्या सकाळी लोणी काढून कढवायचं.